जकातीचा हिशेब: माग, सूत, उचल आणि भिशी

हिशेबाची_वही

शाबान (रमजानच्या आधीचा महिना) लागला की जकातीचे, म्हणजे मुसलमानानं मालमत्तेतून दरवर्षी गरजूंसाठी काढायच्या हिश्श्याचे, प्रश्न सुरू होतात आणि उत्तर म्हणून "अडीच टक्के काढा" एवढंच फिरत राहतं. अडीच टक्के सगळ्यांना पाठ आहे. कशाचे अडीच टक्के, इथं घोडं अडतं. सोलापुरात सूत उधारीवर येतं, चादर उधारीवर जाते, कामगाराकडं उचल असते, घरात थोडं सोनं असतं आणि गल्लीत भिशी चालू असते. किताबांतली उदाहरणं मात्र उंट-बकऱ्यांची. म्हणून हा धागा. मी हनफी मसलकाप्रमाणं लिहितोय (मसलक म्हणजे धर्मशास्त्राची परंपरा: हनफी, शाफई, मालिकी, हंबली अशा चार), कारण इथं बहुतेकांचा तोच आहे. शाफई मंडळींनी भर घालावी. अडेल तिथं मुफ्तीसाहेबांना विचारा, पण जाताना आकडे घेऊन जा. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळतं.

आधी निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मालमत्ता. सोनं साडेसात तोळे, चांदी साडेबावन्न तोळे. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. सराफाकडं आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. त्यामुळं साडेसात तोळे म्हणजे ७५ ग्रॅम असं धरणारे बरेच भेटतात, ते चूक. सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम, चांदीचा ६१२.३६ ग्रॅम. अरब देशांतल्या तक्त्यांत ८५ आणि ५९५ दिसतात. दिरहम-दिनार या जुन्या नाण्यांचं वजन धरण्यातला तो फरक आहे, गोंधळून जाऊ नका.

रोकड आणि व्यापारी मालाला आपल्याकडं चांदीचा निसाब लावतात. समजा चांदी ग्रॅमला २०० रुपये (आकडा फक्त गणितासाठी, त्या दिवशीचा भाव बघा), तर निसाब १,२२,४७२ रुपये.

दुसरी गोष्ट तारीख. रमजानचा आणि जकातीच्या वर्षाचा संबंध नाही. निसाबाइतकी मालमत्ता पहिल्यांदा हाती आली ती चांद्र तारीख तुमची. वर्षाच्या दोन्ही टोकांना निसाब भरला पाहिजे. मधे कमी झाला तरी पार शून्यावर आला नसेल तर वर्ष तुटत नाही. आणि प्रत्येक रुपयाचं वेगळं वर्ष मोजायचं नसतं. महिन्यापूर्वी आलेले दोन लाखही त्या तारखेला हातात असतील तर धरायचे. "त्यांना अजून वर्ष झालं नाही" ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक.

ज्यांना ३१ मार्चच्या ताळेबंदावरच काढायची आहे त्यांच्यासाठी: सौर वर्ष सुमारे ११ दिवसांनी मोठं, म्हणून दर २.५ ऐवजी २.५७७ टक्के धरतात.

ताणाबाणा

मागवाल्यांसाठी लिहितो. माग, मोटर, जॅकार्ड, बीम, धोटे, फणी, गाळा, टेम्पो यांच्यावर जकात नाही. ही हत्यारं आहेत, विकायचा माल नाही. रेपिअर माग २० लाखांचा असो की जुना साधा माग भंगाराच्या भावाचा, दोन्ही बाहेर.

आत काय येतं? सूत, कांडीवर आणि बीमवर चढलेलं सूत, मागावरची अर्धी चादर, तयार चादरी-टॉवेल, गल्ल्यातली रोकड, बँक आणि व्यापाऱ्यांकडचं येणं. चिंधी आणि वेस्ट सूतही किलोवर विकलं जातं, तेही धरा.

रंगाचा मुद्दा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. रंगाऱ्याकडचा जो रंग कापडात उतरून कापडाबरोबर गिऱ्हाइकाकडं जातो तो मालात मोजतात. साबण, सोडा, ब्लीचिंग पावडर काम करून वाहून जाते, ती मोजत नाहीत. हनफी फिक्हमध्ये (धर्मशास्त्रात) हा फरक केशर-करडईनं कापड रंगवणाऱ्यांच्या काळापासून आहे. बॉयलरचं जळणही याच न्यायानं बाहेर.

जॉबवर्कवाल्यांनी नीट बघा. सूत व्यापाऱ्याचं असेल तर ते तुमच्या हिशेबात नाही, मजुरीचं येणं तेवढं तुमचं. काही जण गाळ्यात दिसेल तो सगळा माल धरून उगाच जास्त काढतात, आणि काही जण "माल माझा नाहीच" म्हणून मजुरीचं येणंही सोडून देतात.

भाव कोणता? त्या दिवशी एकगठ्ठा विकला तर जो घाऊक भाव येईल तो. खरेदीचा नाही, मॉलमधला छापील नाही. दोन वर्षं पडून डाग पडलेल्या चादरीला डागाळलेल्या चादरीचाच भाव.

हिशेबाची_वही

छान. यावर एक गणित मांडतो, आकडे काल्पनिक.

रोकड व बँक १,४०,०००
सूत ३०० किलो, २२० रुपयांनी ६६,०००
तयार माल घाऊक भावानं २,१०,०००
रंग १४,०००
पक्कं येणं ३,२०,०००
बेरीज ७,५०,०००

वजा: सूतवाल्याचं देणं १,८०,०००, कामगारांची थकलेली मजुरी व ठरलेला बोनस ४६,०००, लाईट बिल २४,०००. एकूण २,५०,०००.

उरले ५,००,०००, जकात १२,५००.

गिऱ्हाइकाकडून घेतलेला पण अजून न भरलेला जीएसटी असेल तर तोही वजा होतो, तो पैसा तुमचा नव्हेच.

गुंठेवारी

मागासाठी घेतलेलं १० लाखांचं कर्ज आहे. ते वजा केलं तर जकात शून्यच येते की. मग?

ताणाबाणा

नेमकी हीच पळवाट. माग हिशेबात धरायचा नाही आणि मागाचं कर्ज मात्र पूर्ण वजा करायचं, हे कसं जमेल? लांब मुदतीच्या कर्जाबद्दल आजच्या बऱ्याच आलिमांचं (धर्मपंडितांचं) म्हणणं असं की येत्या वर्षात फेडायची मुद्दल तेवढी वजा करा. काही जण फक्त त्या घडीला देय झालेला हप्ता वजा करू देतात. पुढच्या वर्षांचं व्याज तर वजा होतच नाही. वरच्या गणितात वर्षाची मुद्दल १,२०,००० धरली तर ३,८०,००० उरतात आणि जकात ९,५०० येते. शून्य येत नाही.

पूर्ण कर्ज वजा करायची मुभा धरली तर शहरात सगळ्यात जास्त माग असणारा जकात घ्यायला पात्र ठरेल आणि त्याच्याकडं पाळी करणारा कामगार, ज्याच्या बायकोकडं तीन तोळे सोनं आणि थोडी रोकड आहे, तिच्यावर जकात बसेल. हिशेबात असं काही निघालं तर हिशेब परत तपासावा.

उम्मे_सादिया

तीन तोळ्यांचा विषय निघालाच आहे तर नीट बोलू या, कारण याचा भार बायकांवर पडतो. घरातल्या सोन्याचा मालक नवरा नाही, जिचं तिचं. प्रत्येकाचा निसाब वेगळा मोजतात, घराचा एकत्र नाही. सासूचं, सुनेचं, मुलीचं सोनं एका तराजूत टाकू नका. मात्र लग्नात मुलाकडच्यांनी घातलेलं सोनं दिलं की वापरायला दिलं हे आधी स्पष्ट पाहिजे. निम्म्या घरांत ते कधीच स्पष्ट नसतं आणि तलाक किंवा वारशाच्या वेळी भांडण तिथूनच सुरू होतं. जकातीच्या निमित्तानं दरवर्षी कागदावर मालकाचं नाव लिहिलं तर पुढचं बरंच टळेल.

वजन करताना: खडे, मोती, काळे मणी वजा करा. लच्छ्याचं वजन मण्यांसकट धरू नका. ठुशी-बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, ती वजा करा. पावतीवर निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं असतं ते घ्या. भाव २२ कॅरेटचा असेल तर २२ चाच, घडणावळ धरायची नाही. सराफ मोडीत काय देईल, हे विचारलं की आकडा सरळ मिळतो.

आता पेच. बाईकडं नुसतं ३० ग्रॅम सोनं आहे, रोकड काहीच नाही, चांदी नाही: ८७.४८ ला पोहोचत नाही, जकात नाही. तिच्याकडं वरखर्चातून उरलेले २०,००० आले की सोनं आणि रोकड किमतीनं एकत्र करतात, ती बेरीज चांदीच्या निसाबाच्या कितीतरी वर जाते, आणि जकात लागू. चांदी स्वस्त आणि सोनं महाग झाल्यामुळं हे घडतं. प्रेषितांच्या काळात २० दिनार (सोन्याचा निसाब) आणि २०० दिरहम (चांदीचा) यांची किंमत साधारण बरोबरीची होती.

किमतीनं एकत्र करणं हे इमाम अबू हनीफांचं मत. त्यांचे शागीर्द अबू युसूफ आणि मुहम्मद हिश्श्यानं एकत्र करतात. ३० ग्रॅम म्हणजे सोन्याच्या निसाबाचे ३४ टक्के, २०,००० म्हणजे चांदीच्या निसाबाचे (वरच्या भावानं) १६ टक्के. बेरीज ५०. शंभर भरत नाहीत, म्हणून जकात नाही. फतवा बहुधा पहिल्या मतावर मिळतो, पण विडी वळणाऱ्या बाईचा प्रश्न विचारताना दुसरं मतही मुफ्तीसाहेबांपुढं ठेवा. तिच्यावर जकात बसते एवढाच प्रश्न नाही. निसाबाची मालकीण ठरली की तिला जकात घेताही येत नाही, पोराच्या ऑपरेशनलासुद्धा.

शाफई_दापोलीकर

आमच्याकडं वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, नेहमीचं आणि प्रथेत बसणारं सोनं असेल तर. साठवायला घेतलेली बिस्किटं, नाणी यांच्यावर आहे. मालिकी आणि हंबलीही वापरातलं सोडतात. त्यामुळं कोकणातून सोलापुरात दिलेली मुलगी आणि तिची जाऊ, दोघींचा हिशेब वेगळा निघू शकतो. त्यावरून वाद घालायचं कारण नाही. फक्त जकातीच्या वेळी शाफई आणि बाकी वर्षभर हनफी, असं करू नये म्हणजे झालं.

कडक_भाकरी

मी मुस्लिम नाही, पण लेखापाल आहे आणि बरेच अशील मागवाले आहेत, म्हणून वाचतोय. दोन शंका. मागांवर पद्मशाली (हिंदू विणकर समाजाचे) कामगार बरेच आहेत. जकात त्यांना देता येते का? आणि काही मालक दिवाळी-ईदचा बोनस जकातीच्या खात्यातून देतात, ते चालतं का?

हिशेबाची_वही

दुसरं आधी घेतो, ते जास्त गंभीर आहे. नाही चालत. ठरलेला किंवा दरवर्षीच्या रिवाजानं मिळणारा बोनस ही मजुरीच. जिथं बोनसचा कायदा लागू आहे तिथं किमान ८.३३ टक्के तर कायद्यानंच देणं आहे. एक देणं दुसऱ्या देण्यातून फेडलं तर दोन्ही राहतात. कामगार गरीब असेल, निसाबाचा मालक नसेल, तर पगार-बोनस पुरता चुकता करून वर जकात देता येते. कसोटी सोपी: ही रक्कम दिली नाही तर तो मागायला येईल का? दिल्यावर तो जादा पाळी करेल अशी अपेक्षा आहे का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर ती जकात नव्हे.

घाम वाळायच्या आत मजुरी द्या, ही हदीस मजुरीबद्दल आहे, जकातीबद्दल नाही. आठवड्याचा हप्ता दोन आठवडे अडकवायचा आणि रमजानात रांग लावून पाकिटं वाटायची, याला दानशूरपणा म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

पहिल्या शंकेचं उत्तर: चारही मसलकांत जकात सर्वसाधारणपणे मुस्लिम गरजूंसाठी आहे. सदका (ऐच्छिक दान) सगळ्यांसाठी खुला आहे, आणि शेजारी-कामगाराचा हक्क धर्म बघून ठरत नाही. फित्रा (रमजान ईदेला द्यायचं धान्य किंवा त्याची किंमत) गरीब गैरमुस्लिमाला देणं अबू हनीफांच्या मते जमतं, तरी मुस्लिमाला देणं चांगलं मानतात. म्हणून मागवाल्यानं दोन खाती ठेवावीत, जकात आणि लिल्लाह (ऐच्छिक दानाचं). दवाखाना, शाळेची फी, मयतीचा खर्च, असल्या मदतीसाठी लिल्लाह खातं असलं की कुणाला धर्म विचारायची वेळ येत नाही.

ताणाबाणा

उचलीचं राहिलं. कामगाराकडं २५,००० उचल आहे (आपल्याकडं बाकी म्हणतात), मालक म्हणतो "माफ केली, तेवढी जकात झाली". हनफीत असं नुसतं माफ करून जकात होत नाही. जकातीत पैसा घेणाऱ्याच्या मालकीत जावा लागतो, याला तमलीक म्हणतात, आणि इथं काही हलतच नाही. मार्ग असा: कामगार पात्र असेल तर त्याच्या हातात २५,००० जकात म्हणून द्या. ते त्याचे झाले. मग तो त्यातून उचल फेडू शकतो. पण देताना "परत दे" अशी अट घातली तर सगळं मुसळ केरात. त्यानं त्याच पैशात मुलीची फी भरली तरी जकात झालेली आहे आणि उचल तशीच उभी. ही जोखीम घ्यायची तयारी नसेल तर तुम्ही त्याला देत नाही आहात, स्वतःची वसुली करताय.

आणि उचल हे तुमचं येणं आहे, मालमत्तेत धरायला विसरू नका. मजुरीतून कापून वसूल होणार असेल तर ते पक्कं येणं.

बुडीत येण्याचं: व्यापारी कबूल करतो पण देत नाही, तर वसुली होईपर्यंत जकात थांबवता येते, मात्र हाती आल्यावर मागच्या सगळ्या वर्षांची निघते. निसाबाचा पाचवा भाग जरी आला तरी त्याची काढायची. पार नाकारतो आणि पुरावाही नाही, तर मागच्या वर्षांची नाही. म्हणून बिलाची प्रत आणि व्हॉट्सॲपवरची कबुली जपून ठेवा, हिशेबाला आणि कोर्टाला दोन्हीकडं लागते.

गुंठेवारी

भिशी?

हिशेबाची_वही

१२ जणांची, महिना ५,०००. सात हप्ते भरले आणि अजून उचलली नाही: ३५,००० तुमचं येणं, धरा. दुसऱ्याच महिन्यात ६०,००० उचलले आणि सात हप्ते भरून झाले: उरलेले २५,००० देणं, वजा करा. उचललेल्यातलं जे हातात शिल्लक असेल ते अर्थात रोकडीत.

तुमच्या नावावरून अंदाज करतो: विकायच्याच पक्क्या इराद्यानं घेतलेला प्लॉट व्यापारी माल, दरवर्षी बाजारभावावर जकात. "बघू, बांधू नाहीतर विकू" असा असेल तर विकून पैसे येईपर्यंत नाही. राहतं घर नाही. भाड्याच्या घराच्या किमतीवर नाही, साठलेल्या भाड्यावर आहे.

पीएफचा सक्तीनं कापला जाणारा भाग आपल्याकडचे बरेच मुफ्ती हाती आल्यावर धरतात. स्वतःहून जास्त भरलेल्याबद्दल वेगळं विचारा. शेअर विकायला घेतले असतील तर पूर्ण बाजारभाव. बँकेचं व्याज जकातीत देऊन चालत नाही, ते सवाबची (पुण्याची) अपेक्षा न ठेवता गरिबाला देऊन मोकळं व्हायचं.

हुरडा

अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडं शेती असणाऱ्यांना उश्र (शेतमालावरची जकात) विचारायचा आहे.

ताणाबाणा

पावसाच्या पाण्यावर दहावा हिस्सा, विहीर-बोअर-कालव्याचं पाणी खर्च करून दिलं तर विसावा. बी-खत-मजुरी आधी वजा होत नाही. म्हणजे कोरडवाहू ज्वारीचे १० पोते झाले तर १ पोतं, पाण्यावरच्या उसाचे ५ टक्के. वर्ष भरायची वाट नाही, पीक निघालं की लागू. भारतातल्या जमिनींवर उश्र बसतो का यावर आलिमांत मतभेद आहे, म्हणून स्थानिक मुफ्तींना विचाराच.

ज्वारीवरून आठवलं. फित्रा गव्हाचा अर्धा साअ (साअ हे धान्याचं जुनं माप), देवबंदी हिशेबात १ किलो ६३३ ग्रॅम, बरेलवी हिशेबात सुमारे २ किलो ४५ ग्रॅम. ज्वारी द्यायची असेल तर ती वजनावर नाही, तेवढ्या गव्हाच्या किमतीची द्यायची. ज्यांना परवडतं त्यांनी खजूर किंवा मनुक्यांच्या एका साअची किंमत द्यावी. लखपतीनंही गव्हाचाच आकडा धरावा हे नियमात बसतं, पण शोभत नाही.

उम्मे_सादिया

द्यायचं कुणाला यावर थोडं. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ वर्ग आहेत. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, नवरा-बायको यांना नाही. भाऊ, बहीण, मामा, काकू, भाचा पात्र असतील तर त्यांना आधी. सय्यद (प्रेषितांच्या) घराण्याला नाही. मशिदीचं बांधकाम, मदरशाच्या शिक्षकाचा पगार, बोअर मारणं यांना नाही, कारण तिथं तमलीक नाही.

कर्जदार हा आठातला एक वर्ग आहे, आणि आपण त्याला विसरतो. बचत गटाचे किंवा फायनान्सचे हप्ते थकलेली बाई, दवाखान्याचं बिल अडलेला रुग्ण, दंड भरता येत नाही म्हणून आत राहिलेला गरीब कैदी: तिघांनाही त्यांच्या संमतीनं त्यांचं देणं फेडून जकात देता येते. आधी हो म्हणवून घ्या, मग थेट दवाखान्याला किंवा कोर्टात भरा. न विचारता भरलं तर तुमचा परोपकार होईल, जकात नाही.

"ही जकात आहे" असं सांगायची गरज नसते. देणाऱ्याची नियत पुरे, ईदी म्हणून दिली तरी होते. मग दुकानापुढं उन्हात बायकांच्या रांगा कशासाठी? आणि जकात आगाऊही देता येते. शाळेची फी, वह्या-पुस्तकं जूनमध्ये लागतात आणि रमजान दरवर्षी ११ दिवस मागं सरकतो. निसाबाचे मालक असाल तर अंदाजानं दर महिन्याला देत जा, तारखेला हिशेब करून कमी पडेल ते भरा.

कडक_भाकरी

मग यूपीआयनं थेट खात्यात टाकलं की झालं ना?

उम्मे_सादिया

आधी खात्याची अवस्था विचारा. किमान शिल्लक नसल्याचा दंड साठलेला असतो किंवा फायनान्सच्या हप्त्याचं ऑटो डेबिट लागलेलं असतं. सकाळी टाकलेले ३,००० दुपारी निघून जातात आणि घरात किराणा येतच नाही. जकात झाली, गरज तशीच राहिली. अशा वेळी रोख द्या. खात्यातच द्यायचं असेल तर तिच्या स्वतःच्या नावाचं, हप्ता न लागलेलं खातं मागा. नवऱ्याच्या किंवा दिराच्या नंबरवर टाकू नका. संस्थेला देणार असाल तर पावती घ्या, २,००० च्या वर रोख दिलेल्यावर दानाची आयकर सवलत मिळत नाही, आणि पावतीवर "जकात" लिहून घ्या. ते लिहिलं नसेल तर तुमचे पैसे संस्थेच्या रंगकामात गेले तरी विचारता येणार नाही.